कंट्रोल तसंच

सत्यभामाबाईंच्या घरात उंदीर येणं ही काही नवलाची गोष्ट नव्हती. एकोडीत ज्याच्या घरी धानाच्या ढोल्या, त्याच्या घरी उंदीर हे पाहुण्यांपेक्षा जास्त हक्कानं राहतात. पण नागपूरहून एस.टी.त बसून, लगेजचं तिकीट फाडून आलेले उंदीर त्यांनी जन्मात पहिल्यांदाच पाहिले.

चौऱ्याऐंशी सालचा मे महिना. सकाळच्या गाडीनं सून इंदू उतरली ती दोन लाकडी खोकी घेऊन. एकेका खोक्यात जाळीचे सहा-सहा खण, प्रत्येक खणात एक पांढराशुभ्र उंदीर, लाल डोळ्यांचा. आणि प्रत्येकाच्या पाठीवर आठ आण्याच्या नाण्याएवढा एक काळा तुकडा, चारी बाजूंनी टाके घालून बसवलेला.

यादोरावांनी चष्मा नाकावर ढकलला, खोक्यात पाहिलं, मग सुनेकडे पाहिलं.

"लोक नागपूरहून उंदीर मारायचं औषध आणतात," ते म्हणाले. "आमची सून औषध पाजायले उंदीरच घेऊन आली."

"तुमी आदी तिले पाणी तं पिऊ द्या," सत्यभामाबाई म्हणाल्या, पण त्यांचीही नजर खोक्यावरून हलत नव्हती.

इंदू तुमसरची, मास्तराची मुलगी. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातलं निम्मं तिनं नागपूरला औषधशास्त्राच्या मोठ्या परीक्षेत घालवलं होतं. नवरा भोजराज लाखांदूरला शेतकी ऑफिसात. तो शनिवारी यायचा आणि ही कधी मधे यायची. गावाला या संसाराचं गणित कळत नव्हतं. सत्यभामाबाईंनाही कळत नव्हतं, पण त्या तसं कोणाला दाखवत नव्हत्या.

पाणी पिऊन इंदूनं सांगितलं ते असं. कॉलेजात जनावरं ठेवायची खोली होती, तिच्या कूलरची मोटर जळली. नागपूरचं ऊन शेहेचाळीसवर. दोन दिवसांत नऊ उंदीर गेले. उरले हे बारा. आणि त्यांच्या पाठीवर तीन दिवसांपूर्वीच दुसऱ्या, काळ्या उंदरांचं कातडं शिवलेलं. "आपल्या मागच्या खोलीत भर दुपारी गारवा असतो, आई. सरांच्या मागे लागले, तेव्हा कुठे हो म्हणाले. हे बारा गेले तर माझी परीक्षा गेली."

मागची खोली म्हणजे दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती आणि वर कवेलूंचं छप्पर. सत्यभामाबाईंनी तिथली ढोली यादोरावांकडून सरकवून घेतली आणि एका उंदराची पाठ निरखली. गोधडी शिवण्यात त्यांचा हात धरणारं एकोडीत कोणी नव्हतं.

"टाके तूच घातले?"

"हो."

"बरे घातले. इथं दोन दूर पडले. पण हे ठिगळ कायले वं लावलं? धड तं होतं कातडं."

मग इंदू जमिनीवर बसून सांगू लागली, आणि सत्यभामाबाई तांदूळ निवडता निवडता ऐकू लागल्या. शरीराला म्हणे आपलं आणि परकं बरोबर कळतं. आत राखणदार असतात, धानाच्या मचाणावर बसतात तसे. परकं कातडं दिसलं की आठ-दहा दिवसांत ते त्याला वाळवून फेकून देतात. माणसाला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलं तरी राखणदार तेच करतात, म्हणून ते टिकत नाही. आता परदेशात एक औषध निघालंय, मातीतल्या बुरशीपासून, तेलात कालवलेलं. ते या राखणदारांना गुंगी देतं. सरांच्या एका मित्रानं एकच बाटली आणून दिली होती. सहा उंदरांना ते औषध, सहांना नुसतं तेल. कोणाचं ठिगळ किती दिवस टिकतं, ते पाहायचं.

"आन राखणदार झोपले आन खरा चोर आला तं?"

इंदू थक्क झाली. "हाच प्रश्न सरांनी मला पहिल्या दिवशी विचारला होता. चोर आला तर उंदीर तापानं मरतो. म्हणून फार स्वच्छ ठेवावं लागतं."

सत्यभामाबाईंनी एक खडा बाजूला काढला. "मंग तू या घरात आली तवा म्या कोणतं औषध घेतलं होतं वं?"

"तुम्ही घेतलंच नव्हतं," इंदू म्हणाली, "म्हणून तर पहिले सहा महिने मी वाळत होते!"

दोघीही एवढ्या हसल्या की बाहेर यादोरावांची विडी विझली.

चोराला दूर कसं ठेवायचं, हे मात्र सत्यभामाबाईंना कोणी शिकवायची गरज नव्हती. त्यांनी चार बाळंतपणं निभावली होती. खोली शेणानं सारवली, दाराला कडुनिंबाचा डहाळा खोचला, आत जाणाऱ्यानं हातपाय धुवायचे, पाणी उकळून गार केलेलं, परक्या बाईची सावलीसुद्धा आत नको. शेजारच्या रंभाबाई दुपारी ताक मागायला आल्या त्या उंबऱ्यावरच अडवल्या गेल्या. त्यांनी डहाळा पाहिला, चुलीवरचं उकळतं पाणी पाहिलं.

"अवो बाप्पा," त्या म्हणाल्या, "सूनबाई तं सकाळी गाडीतून उतरली तवा सपाट होती!"

"बारा झाले," सत्यभामाबाई म्हणाल्या. "आन बाराचे बारा गोरे."

दोन दिवस रंभाबाई त्यांच्याशी बोलल्या नाहीत.

औषध पाजायचं कामही सत्यभामाबाईंनी पटकन उचललं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात उंदीर गुंडाळायचा, नाकाचं टोक बाहेर, आणि रबराची बोंडी लावलेल्या काचेच्या नळीनं दोन थेंब. तान्ह्या लेकराला घुटी देतात तसंच. इंदूच्या हातात उंदीर वळवळायचा, सासूच्या हातात मुकाट गिळायचा. "तुमच्या हाताला सवय आहे," इंदू म्हणायची, आणि सत्यभामाबाईंना ते गोड वाटायचं. कारण चार मुलं वाढवली तरी हाताला सवय आहे असं त्यांना कोणी म्हटलं नव्हतं. खाद्याचा डबा तेवढा इंदूकडे. ती झुंजुमुंजूला उठून खाद्य घालायची, तेव्हा सत्यभामाबाई गोठ्यात असायच्या.

चौथ्या दिवशी तुमसरहून निरोप आला. इंदूच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची तारीख अलीकडे आली होती. चार दिवस तरी जायलाच हवं.

"जाय," सत्यभामाबाई म्हणाल्या. "मी आहे ना."

"पण आई, तुम्हाला लग्नाला…"

"बुंदी काय, पुढच्या लग्नातही भेटते. हे बारा जण भेटत नाहीत. तू मले लिहून दे."

हे 'लिहून दे' म्हणताना त्यांची मान किंचित ताठ झाली. प्रौढ शिक्षणाचा वर्ग गावात आला तेव्हा बाकीच्या बायका तिथं मिळणाऱ्या दिव्याच्या तेलासाठी गेल्या आणि पंधरा दिवसांत गळल्या. सत्यभामाबाई एकट्या टिकल्या. तेव्हापासून त्या साबणाचं वेष्टन, गाडीची पाटी, देवळाच्या देणगीदारांची यादी, जे दिसेल ते वाचत. पण त्यांनी वाचावं म्हणून मुद्दाम काही लिहिणारं आजवर कोणी नव्हतं.

इंदूनं मोठ्या अक्षरात कागद लिहिला. एका खोक्यावर 'औषध' असं चिकटवलं, दुसऱ्यावर 'कंट्रोल'. औषधाच्या बाटलीला लाल दोरा, नुसत्या तेलाच्या बाटलीला पांढरा. एक वही दिली: ठिगळ मऊ असलं तर टिक, वाळून पापडासारखं कडक झालं तर फुली. आणि गाडी आली म्हणून ती पळाली.

सत्यभामाबाईंनी हातपाय धुतले, कागद घेतला आणि अक्षरावर बोट ठेवून वाचला.

औषध — डब्यातलं खाद्य, एकेक वाटी. लाल दोऱ्याच्या बाटलीतले दोन थेंब.

कंट्रोल — तसंच. पांढऱ्या दोऱ्याच्या बाटलीतले दोन थेंब.

आता ती आडवी रेघ वर्गात शिकवलेली नव्हती. त्यामुळे त्यांनी ती सोडून दिली आणि वाचलं: 'कंट्रोल तसंच.'

कंट्रोल म्हणजे काय, हे एकोडीत शेंबडं पोरही सांगेल. सरकारी रेशनचं दुकान म्हणजे कंट्रोल, आणि त्या दुकानातून येणारं धान्य म्हणजेही कंट्रोल. घरात कोपऱ्यातल्या पिंपात कंट्रोलचा गहू होताच; वास मारणारा, कीड लागून सोंडे पडलेला. म्हणजे या सहांना डब्यातलं खाद्य, आणि त्या सहांना कंट्रोल. तसंच. न निवडता.

त्यांना हे मुळीच विचित्र वाटलं नाही. नागपूरचं खाद्य महागाचं असणार, बारांना कुठून पुरणार? घरातही पाहुण्याच्या ताटात घरचा तांदूळ पडतो आणि गड्याच्या ताटात कंट्रोलचा. कॉलेजातही तीच रीत दिसते, एवढंच त्यांच्या मनात आलं. पण 'तसंच' हा शब्द मात्र त्यांच्या गळ्याखाली उतरेना. मुक्या जनावराला सोंडे पडलेला गहू तसाच घालायचा? शिकलेल्या लोकांना दयामाया कमी. त्यांनी सूप घेतलं, गहू पाखडला, सोंडे काढले, खडे काढले, आणि सुनेची आज्ञा मोडल्याची थोडी धाकधूक बाळगत कंट्रोलवाल्यांना एकेक वाटी वाढली.

चार दिवस त्यांनी काम चोख केलं. कातडं शिवल्यापासून आठव्या दिवशी कंट्रोलच्या खोक्यात तीन ठिगळं कडक झाली. नवव्या दिवशी आणखी दोन. दहाव्याला सहावंही. सत्यभामाबाईंनी फुल्या मारल्या. औषधवाल्यांची सहाच्या सहा ठिगळं मऊसूत. "राखणदार जागे आहेत बाबा तुमचे," त्या कंट्रोलवाल्यांना म्हणाल्या, "तुमचाही काय दोष!"

इंदू आली ती बांगड्या वाजवत, मेंदीच्या हातांनी थेट वही उघडून.

"आठव्याला तीन, नवव्याला दोन, दहाव्याला एक! आणि औषधाचे सहाही जागेवर! आई, अगदी हवं तसं! तुम्ही काय केलंत हो हे!" तिनं सासूचे दोन्ही हात धरून त्यांना अंगणात एक गिरकी घ्यायला लावली. मग ती खोक्याशी वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

"आई, हे गहू कुठून आले?"

"पिंपातले. तूच तं लिहिलं, कंट्रोल तसंच." सत्यभामाबाईंना वाटलं, चोरी उघडी पडली. "पण बाई, खरं सांगते, म्या तसंच नाही देलं. निवडून देलं."

इंदू मटकन खाली बसली. आधी ती हसली. पोट धरून, भिंतीला टेकून, 'कंट्रोल तसंच, कंट्रोल तसंच' म्हणत हसली. मग हसतानाच तिचे डोळे भरले, आणि थोड्या वेळानं त्या पाण्याचा हसण्याशी संबंध उरला नाही.

तिनं समजावून सांगितलं. कंट्रोल म्हणजे इंग्रजीत, ज्यांना औषध द्यायचं नाही, पण बाकी सगळं अगदी तेच. तीच खोली, तेच खाद्य, तोच हात. फरक एकाच गोष्टीचा. "आता फरक दोन झाले. उद्या कोणी विचारलं, इथलं कातडं औषधानं टिकलं की तिथलं गव्हानं पडलं, तर मी काय सांगू? पुन्हा करायचं तर औषध कुठे आहे? बाटलीत बारा-पंधरा दिवसांचं उरलंय. आणि जूनअखेर प्रबंध द्यायचा आहे."

सत्यभामाबाई वहीतल्या आपल्या फुल्यांकडे पाहत राहिल्या. चार वर्षं अक्षरं गिरवली ती यासाठी! न वाचता सगळ्यांना एकच खाद्य घातलं असतं तर काम साधलं असतं.

इंदूनं अचानक डोळे पुसले आणि केरसुणी घेतली. "मी हे लिहिणारच नाही. गहू कोणी पाहिलेत? तुम्ही आणि मी."

खोकं झाडून लख्ख झालं. सत्यभामाबाई चुलीपुढे जाऊन बसल्या. भात शिजत होता आणि त्या स्वतःलाच शिजताना पाहत होत्या. लपवलं तर त्यांचंच भलं होतं. नाहीतर उद्या रंभाबाई पारावर सांगतील: सासू सासूच शेवटी, सुनेची परीक्षा बुडवली, नाव केलं गव्हाचं. कोण मानणार होतं की चूक खरीखुरी होती? भाताला खालून लागल्याचा वास आला, तेव्हा त्या उठल्या.

"इंदू," त्या म्हणाल्या, "त्या वहीत म्या फुल्या मारल्या. एकेक फुली उंदीर हातात घेऊन, बोटानं पाहून मारली. त्या खऱ्या आहेत. माह्या खऱ्या फुल्यायच्या बाजूले तू खोटं काहून लिहितेस?"

"आई, एक वर्ष जाईल."

"जाईन तं जाईन. तुह्या सरले मी सांगते. चूक माही, तोंडही माहंच लागन."

"तुम्ही? नागपूरला?"

"काहून? उंदरायले तिकीट भेटते, मले नाही भेटत?"

दुसऱ्या दिवशी बाराही जणांना थेंब पाजून दोघी सकाळच्या गाडीत बसल्या. यादोराव थांब्यापर्यंत आले. "हे पाय, साहेब रागावला तं गप ऱ्हायजो," त्यांनी बायकोला बजावलं. "घरच्यासारखी बोलू नको."

सरांची खोली पुस्तकांनी आणि बरण्यांनी भरलेली. सर उंच, वाळके, जाड भिंगाचे. त्यांनी दोघींना बसायला सांगितलं. सत्यभामाबाई बसल्या नाहीत. उभ्यानंच त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं: कागद, आडवी रेघ, पिंप, सूप, सोंडे. एकही गोष्ट गाळली नाही.

सरांनी चष्मा काढला. त्यांचे खांदे हलू लागले. बरंच हलले. "बाई," ते डोळे पुसत म्हणाले, "वीस वर्षं मी मुलांना कंट्रोल म्हणजे काय ते शिकवतो आहे. आणि माझ्याही घरी साखर कंट्रोलचीच येते. पण हे कधी सुचलं नाही मला." मग चष्मा पुन्हा चढला आणि चेहरा बदलला. "पण हसून प्रबंध होत नाही. इंदू म्हणते ते बरोबर आहे. गहू की औषध, आता सांगता येत नाही."



"साहेब, एक इचारू?" सत्यभामाबाई म्हणाल्या. इंदूनं हळूच त्यांचा पदर ओढला; पण पदर ओढल्यानं थांबणाऱ्या बायकांपैकी त्या नव्हत्या. "माह्या धानाच्या दोन बांध्या हायेत, बांधाले बांध लागून. एकीतलं धान पिवळं पडलं, दुसरीतलं हिरवं. पिवळ्या बांधीत बियाणंही निराळं आन पाणीही निराळं, तलावाचं. आता दोष बियाण्याचा का पाण्याचा?"

"कसं ठरवाल?"

"ठरवाचं काय त्याच्यात? ते तलावाचं पाणी हिरव्या बांधीत सोडून पायते. तेही पिवळं पडलं तं पाणी चोर. हिरवंच राह्यलं तं पाणी सुटलं."

सर पुढे वाकले.

"तसंच करू ना. औषधवाले सहा अजून हिरवे हायेत. त्यायले उद्यापासून कंट्रोलचा गहू घालते. थेंब चालूच ठेवते. ठिगळं पडली तं गहू चोर, मी गुन्हेगार. टिकली तं गहूही सुटला आन मीही सुटली."

सरांनी समोरच्या कागदावर दोन चौकटी आखल्या आणि एकीतून दुसरीत बाण काढला. मग इंदूला म्हणाले, "हे तुला सुचायला हवं होतं. मलाही." आणि थोडं थांबून, "दहा दिवस गव्हावर ठेवा. झालेली चूक पहिल्या पानावर लिहा, अक्षर न बदलता. दहा दिवस सहाही टिकले, तर मी सही करीन. त्यातलं एक जरी पडलं, तरी हे वर्ष गेलं."

ते दहा दिवस एकोडीच्या त्या घरात गव्हाचं राज्य होतं. यादोराव पिंपाजवळून जाताना थबकायचे. "जन्मभर या कंट्रोलच्या गव्हाले शिव्या देल्या," ते म्हणायचे, "आता त्याच्याच पुढं हात जोडाची पाळी आली." बेरीज सगळ्यांना तोंडपाठ झाली होती: आज चौथा, सहा टिक. आज पाचवा, सहा टिक. भोजराज शनिवारी आला तो लाखांदूरहून पिशवीभर जांभळं घेऊन. बायकोआधी त्यानं उंदरांची खुशाली विचारली, त्याबद्दल इंदू त्याला दिवसभर टोचत राहिली.

एकदा थेंब पाजताना सत्यभामाबाईंनी विचारलं, "काम झाल्यावर यायचं काय?"

इंदू थोडा वेळ बाटलीचा दोरा गुंडाळत राहिली. "परत न्यायचे. आतून तपासावं लागतं, आई."

सत्यभामाबाई समजल्या. हातातला उंदीर लुगड्यातून नाक काढून त्यांचं बोट हुंगत होता. त्याला गुळाचा खडा द्यावा असं त्यांच्या मनात फार आलं. पण गूळ म्हणजे आणखी एक फरक. त्यांनी नुसतं त्याच्या कानामागं खाजवलं. "कोणाच्या तरी लेकराचं मूत्रपिंड टिकन रे तुह्यानं," त्या म्हणाल्या, आणि पुढचा उंदीर उचलला.

सातव्या दिवशी चार नंबरच्या उंदराचं ठिगळ कडेनं कडक लागलं.

आधी त्यांना बोटाचा भास वाटला. त्यांनी इंदूला बोलावलं. इंदूनं कडेवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "फुली नको मारू अजून," ती म्हणाली, आणि घाबरल्यामुळे सासूला आपण एकेरीत बोललो हे तिला कळलंच नाही. सत्यभामाबाईंना कळलं, त्यांना ते वाईट वाटलं नाही. "पूर्ण वाळलं नाही. प्रश्नचिन्ह काढा." तिनं वहीच्या कोपऱ्यात काढून दाखवलं. सत्यभामाबाईंनी ते आकडेदार चिन्ह गिरवलं. कोयत्याच्या पात्यासारखं, खाली एक ठिपका.

आठव्या दिवशी ते ठिगळ सगळंच काळं आणि कडक. पुन्हा प्रश्नचिन्ह, पण या वेळी दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. यादोराव त्या दिवशी बेरीज बोलले नाहीत.

नवव्या दिवशी सत्यभामाबाई गोठा अर्धा टाकून, हात पुसून-धुऊन आत आल्या. चार नंबरच्या खणात, गव्हाच्या फोलांत, ठिगळ पडलेलं होतं. वाळकं, काळं, पापडाच्या तुकड्यासारखं.

त्यांनी कोणाला हाक मारली नाही. पेन्सिल घेतली, वही मांडीवर ठेवली. चूक आपली, तर फुलीही आपणच मारायची. इंदू विहिरीवर होती, पाणी ओढताना राहाटाचा करकर आवाज येत होता. ती येईपर्यंत उरकून टाकावं, म्हणजे तिला नुसतं वाचावं लागेल. पेन्सिलीचं टोक कागदाला लागलं, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की आपण आज उंदीर हातात घेतलाच नाही. बोटानं पाहिल्याशिवाय फुली मारायची नाही, हा त्यांचाच नेम.

त्यांनी लुगड्याचा तुकडा घेतला, उंदीर गुंडाळला, पाठ वर केली. ठिगळाच्या जागी लाल जखम असेल अशी त्यांनी मनाची तयारी केली होती. कंट्रोलवाल्यांची तशीच होती. पण जखम नव्हती. गुलाबी कातडं होतं, मऊ, चारी बाजूंनी पाठीला धरलेलं. टाक्यांच्या खुणाही जागच्या जागी. त्यांनी त्यावरून उलट्या बाजूनं बोट फिरवलं. काहीतरी टोचलं.

उंदराला घेऊन त्या दारात, उन्हाच्या पट्ट्यात आल्या. धानरोपांच्या, पऱ्ह्याच्या वाफ्यात चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब दिसतात ना, उभं राहून पाहिलं तर काहीच नाही आणि जमिनीला गाल लावून पाहिलं तर सगळं हिरवं? तसं त्यांनी डोळे उंदराच्या पाठीला लावून पाहिलं. पांढऱ्या पाठीवर, गुलाबी कातड्यात, काळे केस उगवत होते. बारीक, ताठ, दाट.

"इंदूऽऽ!"

ही हाक एवढी मोठी होती की राहाट सुटला आणि बादली धाडकन विहिरीत गेली. इंदू ओल्या पायांनी धावत आली. यादोराव एका पायात वहाण घालून आले. रंभाबाई कुंपणावरून आल्या, आणि आज त्यांना कोणी अडवलं नाही, कारण उंदीरच उंबऱ्याबाहेर आला होता.

इंदूनं पाहिलं. भिंग आणलं, पुन्हा पाहिलं. "वरची खपली पडली," ती कुजबुजली. "नुसती खपली, आई! खालचं जिवंत आहे. केस आले! दुसऱ्याच्या कातडीला याच्या पाठीवर केस आले!" मग ती आत धावली, बाकीच्या पाचांना एकेक करून पाहिलं. दोघांच्या ठिगळावर तशीच काळी लव दिसत होती. इतरांची मऊ, धडधाकट.

"गव्हावर?" यादोरावांनी विचारलं.

"कंट्रोलच्या गव्हावर!"

"अन् काय," यादोराव छाती काढून रंभाबाईंना म्हणाले, जणू गहू त्यांनीच पिकवला होता. मग भिंग मागून घेतलं आणि केस मोजायला बसले; एकोणीसपर्यंत गेले, उंदीर हलला, पुन्हा एकपासून सुरुवात केली.

"पण हे पांढऱ्यावर काळे केस," रंभाबाई हळूच म्हणाल्या, "माणसालेही येतात का वं? माह्या डोक्याचं म्हणते मी."

दहाव्या दिवशी सर स्वतःच आले, दुपारच्या गाडीनं, घामानं निथळत. त्यांच्यानं नागपुरात बसवेना. त्यांनी उंबऱ्यावर सांगितल्याप्रमाणे हातपाय धुतले, निमूटपणे, शाळेतल्या मुलासारखे. सहाही उंदीर पाहिले. मग अंगणात येऊन वही मागितली आणि पहिल्या पानापासून वाचली: टिका, फुल्या, गव्हाची हकीकत, प्रश्नचिन्हं. एका पानावर ते थांबले. नवव्या दिवसाच्या रकान्यात, चार नंबरपुढे पेन्सिलीचं एक बारीक टिंब होतं, आणि त्याच्या शेजारी ठसठशीत टिक.

"हे टिंब कसलं?"

"फुली माराले बसली होती," गोठ्यातलं काम टाकून आलेल्या सत्यभामाबाई म्हणाल्या. "मंग म्हटलं, आदी पाहू."

सरांनी वहीच्या शेवटी तारीख घातली आणि सही केली. "लिहायला लागा," ते इंदूला म्हणाले. "दोन तक्ते करा. गव्हाचा वेगळा."

इंदूनं सरांना उत्तर दिलंच नाही. तिनं वळून सासूला घट्ट मिठी मारली, सरांसमोर, सासऱ्यांसमोर, कुंपणावरून डोकावणाऱ्या अर्ध्या गल्लीसमोर. आणि रडतेय की हसतेय हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"अवं सोड," सत्यभामाबाई म्हणत होत्या, "सोड वं, गोठ्यातून तशीच आली मी, शेणाचे हात हायेत माहे," आणि ते हात सुनेच्या पाठीला लागू नयेत म्हणून त्यांनी दोन्ही बाजूंना उंच धरले होते. थोडा वेळ धरले, आणि मग नाही धरवले.